भावाबद्दल मी काय लिहून दिलं

फॉर्ममध्ये भावासाठी एक अख्खं पान होतं. जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व, नोकरी, परदेशी सरकारशी किंवा सैन्याशी संबंध आहे का, आणि शेवटी बोलणं किती वेळा होतं: रोज, आठवड्याला, महिन्याला, की वर्षातून एकदा. मी 'रोज'वर टिक केली. नोकरीच्या रकान्यात लिहिलं, भारत सरकारचा दारूगोळा कारखाना, नागपूरजवळ. हुद्दा चार्जमन. या दोन ओळींपायी पुढची दीड-दोन वर्षं कशी जातील याची मला तेव्हा कल्पना नव्हती. पण माहीत असतं तरी मी तेच लिहिलं असतं.

मी वेल्डिंगच्या धंद्यातली. दोन पोलादी पत्रे जोडले की जोडाच्या पोटात कधीकधी भेग राहते, ती वरून दिसत नाही. ध्वनिलहरी सोडून ती शोधायची, हे माझं काम. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला विद्यापीठात शिकले, तिथेच बाहेरच्या बाजूला एका मध्यम आकाराच्या कंपनीत लागले, आणि पुलांचे गर्डर न् बॉयलर तपासत तिथेच मुरले. मग कंपनीला नौदलाच्या जहाजांचं काम मिळालं. त्या कामाची रेखाटनं बघायची तर सरकारची परवानगी लागते. तिला इथे सगळे नुसतं 'क्लिअरन्स' म्हणतात. ती फक्त नागरिकांना मिळते, आणि मी नागरिक होऊन चार वर्षं झाली होती. अशा जोडांची सवय असलेली आमच्याकडे मी एकटीच. साहेब म्हणाले, फॉर्म भर.

कंपनीत हे सगळं बघायला एक सिक्युरिटी ऑफिसर होती. पंचावन्नच्या आसपासची, मिशिगनमध्येच जन्मलेली, स्वभावाने चांगली. सरकारकडे जाण्याआधी फॉर्म तिच्या नजरेखालून जायचा. भावाच्या पानावर ती थांबली.

"रोज बोलता?"

"रोज. आई त्याच्याकडे असते. फोन तोच लावून देतो."

"मग तसं बघितलं तर तुम्ही आईशी बोलता. भावाशी फक्त हाय-हॅलो."

"छे. भावाशी बोलते, भांडतेसुद्धा. कधीकधी आईशी बोलायचं राहूनच जातं."

ती हसली, पण पेन तिने खाली ठेवलं नाही. "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाहीये," ती म्हणाली. "एवढंच सांगतेय की आजपासून थोडं कमी बोललात, तर सहा महिन्यांनी 'महिन्यातून एकदा' हे खरंच होईल. लोक करतात तसं."

ती माझ्या भल्याचंच सांगत होती, हे मला कळत होतं. तरी माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "भाऊ म्हणजे काही सवय नाहीये, सोडून द्यायला."

याला कारण आहे. असले फॉर्म मला नवे नव्हते. इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेताना जात पडताळणी समितीपुढे मी उभी राहिले होते. आजोबांचं नाव शाळेच्या कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, त्यापुढे काय लिहिलंय, आम्ही बौद्ध कधी झालो, हे सगळं कागदावर दाखवायचं होतं. एक चौकशी अधिकारी आमच्या वस्तीत येऊन शेजाऱ्यांना विचारून गेला होता, हे लोक खरंच तेच आहेत का म्हणून. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चौकशीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला बजावलं, "जे आहे ते लिहायचं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. आपण काही लपवलं की त्यांना वाटतं लपवण्यासारखं काहीतरी आहे." अठराव्या वर्षी मी हे ऐकलं. मिशिगनमधली बाई मला आता नवं काय शिकवणार?

दोन महिन्यांनी तपासनीस आला. निवृत्त पोलीस, जाडजूड, बर्फात बूट आपटून आत आला आणि ते दाराशी नीट काढून ठेवले. आधी तो शेजारच्या म्हातारीशी बोलून आला होता, हे तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणे त्याला म्हणाली, "ती माझा ड्राइव्ह-वे साफ करते. आणखी काय हवंय तुम्हाला?"

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने माझं ओसीआय कार्ड उलटसुलट केलं. त्या कार्डाचं पूर्ण नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', म्हणजे नावातच 'सिटिझन' हा शब्द आहे, आणि तो शब्द सगळा घोळ घालतो.

"म्हणजे तुम्ही दोन देशांच्या नागरिक आहात."

"नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही. इथली शपथ घेतली आणि भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतला. हा जन्मभराचा व्हिसा समजा. याच्यावर मला तिथे मत देता येत नाही, सरकारी नोकरी करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही."

"मग याचा उपयोग काय?"

"आईकडे जाता येतं. कुणाला न विचारता."

त्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "हे परत करायची वेळ आली तर कराल?"

"परत करावं असा नियम आहे का?"

"नियम असा नाही."

"मग नाही."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बहुतेक लोक इथे 'हो' म्हणत असावेत. मी त्याला कारण सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी वर्क व्हिसावर होते. पासपोर्टवरचा शिक्का संपला होता, मुदतवाढीचा अर्ज अडकला होता. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं, आणि मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची. वकील म्हणाला, थांबा. मी थांबले. बाबांना नेताना दादाने फोन उंच धरला होता आणि मी ते ॲन आर्बरच्या भाड्याच्या घरातून पाहिलं. पुढे कुठल्याही देशाची नागरिक झाले तरी आईकडे जायला कुणाची परवानगी मागणार नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. कार्ड मिळालं तेव्हा ते मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं, आणि ते तिथेच राहणार होतं.

निकाल यायच्या आधीच मला तात्पुरती परवानगी मिळाली. आठ महिने मी आतल्या लॅबमध्ये काम केलं. चांगलं काम केलं, हे सांगायला मी लाजणार नाही. एका जोडात सगळ्यांनी पास केलेली भेग मी पकडली. आणि मग एका मंगळवारी सकाळी माझा बॅज दारावर लागला नाही. हिरव्याऐवजी लाल दिवा. दोनदा लावून बघितलं. पाठीमागे माणसं खोळंबली. सिक्युरिटी ऑफिसर जिन्यावरून खाली आली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला पत्र आलंय."

चहाचा मग आत टेबलावर राहिला होता. तो आणायलाही मला जाता येईना. सहकाऱ्याने तो बाहेर आणून दिला, आदल्या दिवशीचा चहा तळाला वाळलेला.

पत्रात माझ्यावर आरोप एकही नव्हता. आई, भारताची नागरिक आणि रहिवासी. भाऊ, भारताचा नागरिक, तिथल्या सरकारच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात नोकरीला. अर्जदार रोज संपर्कात. या नात्यांचा वापर करून तुमच्यावर दबाव आणला जाऊ शकतो, म्हणून तुमच्या पात्रतेबद्दल शंका आहे, असा सगळा मजकूर. आईचं नाव त्यात इंग्रजीत, चुकीच्या स्पेलिंगने. मी ते पत्र तीनदा वाचलं. माझी बारा वर्षांची मुलगी खांद्यावरून वाचत होती. तिने विचारलं, "आई, आर दे सेइंग आजी इज डेंजरस?" मी म्हटलं, "हो. आणि तिला हे कळलं तर ती फार खूश होईल."

झालीही. व्हिडिओ कॉलवर पत्राचा अर्थ सांगितला, तर ऐंशी वर्षांची माझी आई, महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, म्हणाली, "मला? मला घाबरते अमेरिका?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. दादा मात्र हसला नाही. त्याने फोन घेतला आणि गच्चीवर गेला. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. आई-बाबांच्या पगारात दोघांचं शिक्षण भागेना, म्हणून आयटीआय करून लवकर नोकरीला लागला आणि मला शिकू दिलं.

"तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "तू शपथ घेतली ना तिकडे, तेव्हा मला इकडे लिहून द्यावं लागलं. सख्खी बहीण परदेशी नागरिक झाली म्हणून. दोन कॉपीत. साहेबांनी बोलावलं, विचारलं, किती वेळा बोलता?"

"तू काय सांगितलंस?"

"रोज म्हटलं. काय सांगणार होतो?"

"मग?"

"मग काही नाही. नव्या सेक्शनला माझं नाव चाललं होतं, ते काढून टाकलं."

पाच वर्षं होत आली होती त्या गोष्टीला. एवढी वर्षं रोज बोलत होतो आम्ही. भाजी काय केली इथपासून सगळं त्याने सांगितलं होतं, आणि हे एवढं सांगितलं नव्हतं.

तोच पुढे म्हणाला, "मी विचार करून राहिलो होतो. दोनच वर्षं उरली माझी. व्हीआरएस घेऊन टाकतो. मग तू लिही त्यांना, भाऊ घरी बसला आहे, काही करत नाही. तुझं अडून राहिलं ना माझ्यापायी."

"खबरदार."

"अगं पण काय फरक पडते? दोन वर्षं आधी काय अन् नंतर काय."

"दादा, तू अर्ज टाकलास तर मी इथला अर्ज त्याच दिवशी मागे घेईन. लिहून ठेव."

"वेडी आहे का तू? एवढं शिकली कशासाठी?"

"तुला घरी बसवण्यासाठी नाही शिकले."

आम्ही दोघं इतक्या जोरात भांडत होतो की आई गुडघे धरत गच्चीवर चढून आली. तिने त्याच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांसाठी नोकऱ्या सोडायला निघाले. अन् ज्यांनी प्रश्न काढला ते बसले आहेत आपापल्या खुर्चीत मजेत. त्यांना विचारा ना काय विचारायचं ते." आणि फोन ठेवला.

म्हणून मी विचारायचं ठरवलं. पत्राला दोन प्रकारे उत्तर देता येत होतं: नुसतं लेखी, किंवा न्यायाधीशासमोर सुनावणी मागून. सिक्युरिटी ऑफिसर म्हणाली, लेखी पाठवा, कमी त्रास. मी सुनावणी मागितली. वकील केला नाही, कारण एका वकिलाने फोनवरच सांगितलं की कार्ड परत करा आणि फोन कमी करा, मग बोलू. मी म्हटलं, मग राहू द्या.

सुनावणी व्हिडिओवर झाली, डेट्रॉइटमधल्या एका सरकारी इमारतीतल्या खिडकी नसलेल्या खोलीत. पडद्यावर न्यायाधीश, पांढऱ्या भुवयांचे, सावकाश बोलणारे. दुसऱ्या चौकटीत सरकारी वकील, माझ्याहून लहान, नम्र. माझ्या बाजूने आमचे टीम लीड बोलले. मी पकडलेल्या भेगेबद्दल त्यांनी सांगितलं, जेवढं सांगता येत होतं तेवढं. मग वकिलाने मला प्रश्न विचारले. घर इथलं, मुलगी इथली, नवरा इथला, हे सगळं झालं. शेवटी तो म्हणाला, "समजा, तुमच्या भावाला कुणी धमकावलं आणि त्याच्यामार्फत तुमच्याकडे माहिती मागितली. काय कराल?"

"त्याच दिवशी तुम्हाला कळवेन. आणि भावाला वाचवायला जे करता येईल ते करेन."

"आणि दोन्हीतलं एकच करता आलं तर?"

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं. सिक्युरिटी ऑफिसरने ते मला आदल्या दिवशी सांगितलं होतं: देश आधी, एवढं म्हणा आणि थांबा. मी थांबले नाही.

"मी शपथ घेतलीय आणि ती मोडणार नाही," मी म्हटलं. "माहिती मी देणार नाही. पण भावाची मला पर्वा नाही, हे तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर ते मिळणार नाही. बहिणीशी किती बोलता, हे तिकडच्या सरकारनेही त्याला विचारलं होतं. त्यानेही खरं सांगितलं, आणि त्याचं व्हायचं ते नुकसान झालं. आम्ही दोघांनी दोन सरकारांना खरं सांगितलंय. ज्या बाईला सख्ख्या भावाचं काही वाटत नाही, तिच्यावर तुम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवणार?"

वकील म्हणाला, त्याचे प्रश्न संपले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, मला आणखी काही सांगायचंय का. मी म्हटलं, "माझ्या आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. ते दुरुस्त करून घ्या." त्यांनी ते लिहून घेतलं. बरोबर आहे ना, म्हणून मला अक्षर अक्षर वाचून दाखवलं.

निकाल तीन महिन्यांनी आला. मी तो कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडी बंद न करता वाचला. अर्जदार प्रामाणिक आहे. अर्जदाराच्या निष्ठेबद्दल शंका नाही. अर्जदाराच्या कामाबद्दल वरिष्ठांचं मत अतिशय चांगलं आहे. मी वाचत गेले आणि शेवटच्या पानावर आले. भाऊ नोकरीत आहे आणि संबंध घट्ट आहेत. शंका उरली तर तिचा कौल राष्ट्राच्या सुरक्षेच्या बाजूने द्यावा लागतो. परवानगी नाकारण्यात येत आहे. आईचं नाव मात्र बरोबर लिहिलं होतं.

मी रडले नाही असं म्हणणार नाही. दहा-पंधरा मिनिटं रडले. न्यायाधीशांचा मला राग आला नाही, त्यांनी त्यांच्या चौकटीत नीट बघितलं होतं. राग आला तो त्या चौकटीचा, जिच्यात माणसाचं माणसाशी घट्ट असणं हा धोका धरतात. मग तोंड पुसलं आणि आत गेले.

सिक्युरिटी ऑफिसर माझी वाटच बघत होती. म्हणाली, तिला खरंच वाईट वाटतंय, आणि अशा वेळी बहुतेक लोक दुसरीकडे नोकरी बघतात.

"मी नाही बघणार," मी म्हटलं. "पुलांचं काम आहे ना अजून?"

"आहे."

"मग मला ते द्या."

तेव्हापासून मी बाहेरच्या हॉलमध्ये असते. आतल्या लॅबमध्ये कधी मीटिंगला जावं लागलं तर माझ्याबरोबर माणूस लागतो, आणि आत शिरताना त्याने मोठ्याने सांगायचं असतं की परवानगी नसलेली व्यक्ती येतेय, कागद झाका. पहिल्या दोन वेळा ते ऐकून माझे कान गरम झाले. तिसऱ्या वेळेपासून त्याने तोंड उघडायच्या आत मीच ओरडायला लागले. दार उघडलं की खणखणीत आवाजात, "अनक्लिअर्ड!" सगळे दचकायचे. मग हसायचे. नंतर आतले लोक आपणहून बाहेर यायला लागले, जोडाचे आलेख घेऊन, जेवढे मला दाखवता येतात तेवढे. पुन्हा अर्ज करणार का, असं लोक विचारतात. करणार आहे, दरवेळी करणार आहे, आणि दरवेळी पानं तेवढीच भरणार आहे.

दादा गेल्या हिवाळ्यात रिटायर झाला, साठी पूर्ण करून, ठरलेल्या दिवशी, एक दिवस आधी नाही. मी आठ दिवसांची रजा टाकून नागपूरला गेले. निरोपाचा कार्यक्रम कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये होता आणि घरच्यांना बोलावणं होतं. गेटवर पहारेकऱ्याने वहिनीचं आधार कार्ड बघितलं, आईचं बघितलं, मग माझं कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, फॉरेनरला आत जाता येत नाही."

"मी सख्खी बहीण आहे."

"ते खरं आहे हो. पण ऑर्डर आहे."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी मागे झाले, तर आईही मागे झाली.

"तू जा," मी म्हटलं. "त्याचा दिवस आहे."

"त्याची बायको आहे आत. मी तुझ्यापाशी थांबते."

"आई, जा ना."

"नाही जात. कोण काय करते बघू."

गेटसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. आम्ही दोघी तिथे बाकावर बसलो. आतून लाउडस्पीकरचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, टाळ्या कळत होत्या. आईने दोन वेळा चहा घेतला आणि टपरीवाल्याला सांगितलं की हिला अमेरिका घाबरते आणि इंडियाही घाबरते. तो बिचारा माझ्याकडे बघून जरा सरकून उभा राहिला.

दीड तासाने दादा बाहेर आला. गळ्यात झेंडूचे हार, हातात शाल अन् नारळ, बरोबर वीस-पंचवीस माणसं, वहिनी मागे. गेटच्या रेषेवर येऊन तो थांबला, सगळ्यांना थांबवलं, आणि रस्त्यापलीकडे हात करून मोठ्याने म्हणाला, "ही माझी बहीण. अमेरिकेची नागरिक आहे. आम्ही रोज बोलतो." पहारेकरी खाली बघायला लागला. मग दादा रस्ता ओलांडून आला आणि दोन हार काढून एक आईच्या गळ्यात घातला, एक माझ्या. मी रडायला लागले तर म्हणाला, "इथं नको ना, लोक पाहून राहिले."

कारखान्याने त्याला घरी सोडायला जीप दिली होती. जीपमध्ये परदेशी नागरिक चालतो का, हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं, आणि तो आत विचारायला निघाला. आईने त्याला हाक मारून परत बोलावलं, जीप रिकामी पाठवून दिली, आणि रस्त्यात उभी राहून रिक्षा थांबवली. चौघं मावत नव्हतो. दादा रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा बाहेर लटकत बसला, साठ वर्षांचा माणूस, मांडीवर नारळ, आणि सबंध रस्ताभर मागे वळून मला सांगत राहिला की भाषणात कोण काय बोललं.